अधिक महिन्यातला खड्डा

बाई पहिल्यांदा आमच्या कुवेतमधल्या, सालमिया भागातल्या घरी जेवायला आल्या तेव्हा चपला काढल्या काढल्या त्यांनी पर्समधून उदबत्तीचा पुडा काढला. माझ्या बायकोला फार बरं वाटलं. परदेशात राहूनही माणसं किती रीत सांभाळतात, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं दिसत होतं. तिने लगबगीने देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी उदबत्ती पेटवली, देव्हाऱ्याला वळसा घातला आणि खिडकीशी जाऊन तिच्या फटींवरून ती सावकाश फिरवायला लागल्या. धूर सरळ वर जायचा आणि मध्येच एकदम आडवा व्हायचा. तो आडवा झाला की बाई मान हलवायच्या. खिडकी झाली, बाल्कनीचं दार झालं, एसीच्या भोकाभोवतीही प्रदक्षिणा झाली. बायको हात जोडून मागे उभीच. शेवटी बाई वळल्या आणि म्हणाल्या, "तुमचं घर म्हणजे चाळणी आहे हो."

जेवायला काजूची उसळ होती, सोलकढी होती. त्यांबद्दल बाई चकार शब्द बोलल्या नाहीत, पूर्ण वेळ रबराच्या पट्ट्यांबद्दल बोलल्या. पुढच्या शुक्रवारी न सांगता आल्या आणि पदर खोचून स्वतःच्या हाताने सगळ्या फटींना पट्ट्या चिकटवून गेल्या. बायको म्हणाली, विचित्र आहेत पण मनाने चांगल्या आहेत. कुवेतमध्ये ज्यांनी ज्यांनी बाईंना घरी बोलावलं त्या सगळ्यांचं मत साधारण हेच होतं, फक्त काही जण वाक्याच्या पहिल्या अर्ध्यावरच थांबायचे.

आमच्या इंजिनिअरिंग सल्लागार कंपनीत त्या इमारतींच्या विजेचा अभ्यास करायच्या. नकाशा हातात आला की ऊन कुठून शिरेल, भिंतीतून किती येईल, काचेतून किती, आणि ते बाहेर हाकलायला एसीला किती वीज लागेल, हे संगणकावर मांडून दाखवायचं. त्याआधी सांगलीच्या पॉलिटेक्निकात शिकवायच्या, म्हणून आम्ही मराठी माणसं त्यांना बाई म्हणायचो. आमचं ऐकून मल्याळी, फिलिपिनो, सगळेच बाई म्हणायला लागले. आमच्या इजिप्शियन संचालकांना ते आडनाव वाटायचं, ते मेलमध्ये 'डिअर मिसेस बाई' असं लिहायचे. बाईंनी ते कधी दुरुस्त केलं नाही. नावापेक्षा महत्त्वाच्या चुका दुरुस्त करायला आयुष्य पुरत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी क्वांटिटी सर्व्हेयर, म्हणजे विटा, सिमेंट, काचा मोजणारा माणूस, आणि माझं टेबल नेमकं बाईंच्या समोर. मी चिपळूणचा, घामात वाढलेला, त्यामुळे एसी अठरावर ठेवणं हा मी माझा जन्मसिद्ध हक्क समजतो. बाईंच्या मते पंचवीसच्या खाली एसी नेणारा माणूस आणि नळ उघडा टाकून गावाला जाणारा माणूस यांच्यात काही फरक नाही. मी चहाला उठलो की त्या रिमोट उचलायच्या, त्या जागेवरून हलल्या की मी. कुवेतमध्ये स्वेटर हिवाळ्यात नाही, उन्हाळ्यात लागतो, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. बाहेर अंगाची लाही होत असते आणि मॉलमध्ये दात वाजत असतात. बाई असा मॉल सापडला की थेट मॅनेजरकडे जाऊन स्वेटरची बटणं लावत त्याच्याशी बोलायच्या. मॅनेजर लेबनीज असो की मंगलोरचा, तो शेवटी त्यांना कॉफी पाजायचा. कॉफी पिऊन झाल्यावर त्या परत पहिल्यापासून सुरू करायच्या.

भिंत दिसली की तिला हाताची उलटी बाजू लावून बघायची, ही त्यांची आणखी एक खोड. आपण तापलेल्या पोराचं कपाळ बघतो तसं. हळदीकुंकवाला गेल्या तरी आधी पश्चिमेची भिंत, मग वाण. एका घरी गणपतीची आरती चालू असताना त्या टाळ्या वाजवत वाजवत मागे सरकल्या, भिंतीला हात लावला आणि यजमानीणबाईंच्या कानात सांगितलं की तुमचा फ्रिज उन्हाच्या भिंतीला टेकलाय, त्याला बिचाऱ्याला दुप्पट काम पडतंय. 'आधी छत्री, मग पंखा' ही त्यांची सगळ्या प्रश्नांवरची म्हण होती. ती त्या इमारतींना लावायच्या, आजारपणाला लावायच्या, एकदा माझ्या मुलीच्या दहावीच्या अभ्यासालाही लावली. मुलीने इंग्रजीत विचारलं की याचा अर्थ काय, तेव्हा बाईंनी तिला बाल्कनीत नेऊन तासभर समजावलं. मुलगी आत आली आणि तिने पडदे ओढून घेतले. अभ्यासाला बसली नाही.

ऑफिससमोरच्या बेकरीत खुबूस, म्हणजे अरबी रोटी, आणायला जायचं तर आम्ही सरळ रस्ता ओलांडायचो. बाई आधी उलट्या दिशेला निघायच्या, बँकेच्या सावलीतून, मग दवाखान्याच्या छपराखालून, मग उभ्या बसच्या आडोशाने. आमचं अर्धं खाऊन व्हायचं तेव्हा त्या पोचायच्या. आम्ही घामाने निथळत बसलेले आणि बाई कोरड्या ठणठणीत. कुठल्या महिन्यात कुठल्या वेळी कुठली सावली कुठे पडते, हे त्यांना पाठ होतं.

एवढं सगळं ज्ञान आणि गाव मात्र असं की जिथे त्याला गिऱ्हाईक नाही. कुवेतमध्ये वीज इतकी स्वस्त की विजेचं बिल हा घरात बोलायचा विषयच नव्हे. मालक मंडळी सुरुवातीला बाईंच्या जाड भिंती, दुहेरी काचा, खिडक्यांवरचे खोल छज्जे बघून माना डोलवायची. मग ठेकेदारांचे भाव यायचे आणि पहिली कात्री तिथेच लागायची. नियमापुरतं ठेवा, बाकीचं काढा. बाई याला सोलणं म्हणायच्या. सलवाच्या बाजूने गाडीतून जाताना एखाद्या चकचकीत काचेच्या इमारतीकडे बोट दाखवून त्या सांगायच्या, "ही माझी. सोललेली." थोडं पुढे गेलं की, "ही पण."

मी एकदा सहज विचारलं की एखादी न सोललेली आहे का कुठे. बाई म्हणाल्या, नाही, इतक्या वर्षांत एकही नाही. मग म्हणाल्या, "निवृत्त व्हायच्या आधी एक तरी पूर्ण कपड्यांतली बघायची होती रे." बाईंच्या तोंडून स्वतःसाठी काही मागितलेलं मी तेवढंच ऐकलं.

ती संधी आली ती हाजींमुळे. हाजी म्हणजे आमच्या कंपनीचे जुने गिऱ्हाईक, ऐंशीच्या घरातले कुवेती व्यापारी. त्यांचं लहानपण मुंबईत गेलं होतं, कारण वडिलांचा व्यापार तिथे होता आणि त्या काळात कुवेतचे व्यापारी मुंबईला आपण तालुक्याला जावं तसे जायचे. त्यामुळे हाजी आमच्याशी मस्त मुंबईचं हिंदी बोलायचे. अमेरिकेत, टेक्सस राज्यात, त्यांच्या वखारी होत्या आणि शेजारी ऑफिसांची एक मोठी इमारत बांधायची होती. नकाशे मात्र डोळ्यांसमोर झाले पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. म्हणून काम आमच्याकडे आलं, सह्यांपुरता तिथला इंजिनिअर.

आता आमचं ऑफिस असं की आयकर हा शब्द आम्ही सगळ्यांनी विमानात बसतानाच मागे सोडलेला. इथे पगारावर कर नाही. पण हाजींच्या टेक्ससच्या भाड्यावर अमेरिकेचं सरकार कर घ्यायचं, आणि त्या कराच्या कायद्यात एक सोय होती, ती बाईंनी शोधून काढली. जो कोणी तिथे व्यापारी इमारत बांधेल आणि ती ठरलेल्या मापापेक्षा बरीच कमी वीज खाईल, त्याला आपल्या उत्पन्नातून चांगली मोठी वजावट. इमारत जितकी शहाणी, तितकी वजावट मोठी. बाईंना हे वाचून कसं वाटलं असेल याची मला कल्पना आहे. जगात कुठेतरी एक सरकार होतं जे जाड भिंतीसाठी माणसाला बक्षीस देत होतं.

हाजींनी सगळं ऐकून घेतलं, आपल्या हिशेबनिसाला विचारलं आणि म्हणाले, "बाई, ये छूट मिली तो आपकी इमारत बनेगी, जैसी आपने सोची वैसी. नहीं मिली तो सादा काच लगाऊँगा. मैं दुकानदार आदमी हूँ." बाईंना हा रोखठोक व्यवहार आवडला. मान डोलवून नंतर कात्री लावणाऱ्यांपेक्षा हा माणूस बरा, असं त्या म्हणाल्या.

आणि नेमकी त्याच सुमाराला अमेरिकेने ती सोय बंद करायचं ठरवलं. यापुढे ज्या इमारतीचं बांधकाम जूनअखेरपर्यंत सुरू होईल तिलाच वजावट, नंतर सुरू होणारीला नाही. सुरू म्हणजे काय, हे समजून घ्यायला आम्ही टेक्ससच्या एका कर सल्लागार बाईंना पडद्यावर गाठलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की नकाशे चालणार नाहीत, मातीची तपासणी चालणार नाही, झाडं तोडणं, कुंपण घालणं, पाटी लावणं, फीत कापणं यातलं काही चालणार नाही. पायासाठी खड्डा खणायला लागा आणि मग थांबू नका. आमच्या बाई दिवसभर हे घोकत होत्या.

तिथला ठेकेदार नेमायची वेळ आली तेव्हा हाजींना कुठूनसं कळलं की बाईंचे जावई टेक्ससला एका बांधकाम कंपनीत साइट सांभाळतात. मग दुसरं नाव ऐकायला ते तयार होईनात. घरचा माणूस असेल तर डोळ्यांत तेल घालून करेल, हा त्यांचा हिशेब. बाई परोपरीने सांगत होत्या की सोयरिकीत काम घातलं की सोयरीकही नासते आणि कामही. हाजी हसले आणि म्हणाले, आमच्याकडे सगळा व्यापार असाच चालतो.

मेच्या मध्यापर्यंत परवाना हातात आला, यंत्र ठरलं, आता फक्त खणायचं. आणि जावईबापू खणेनात. एकदा माती ओली आहे, एकदा यंत्राचा चालक सुट्टीवर आहे, एकदा मोजणीवाल्याचा फोन लागत नाही. बाई रोज विचारायच्या, ते रोज अदबीने नवीन कारण द्यायचे. बाईंचा रंग उडायला लागला. त्यांनी रिमोट उचलायचाही सोडून दिला. एसी दिवसभर अठरावर आणि मला त्याचं सुख नाही, असे ते दिवस होते.

मी हे रडगाणं घरी जेवताना बायकोसमोर गायलो. ती पोळी तव्यावर टाकत म्हणाली, "अधिक लागलाय ना. अधिकात कोण पाया खणतं?"

घास हातातच राहिला. दर तीन वर्षांनी पंचांगात जो जास्तीचा महिना येतो, तो त्या वर्षी ज्येष्ठात आला होता आणि नुकताच लागला होता. त्या महिन्यात दान करतात, जावयाला वाण देतात, पण लग्न, मुंज, वास्तू असलं काही सुरू करत नाहीत. बाईंच्या घरात पंचांग नव्हतंच. स्वतःचं लग्न त्यांनी रजिस्टर केलं होतं आणि गणपतीला त्या मोदकांसाठी जायच्या. त्यांना हे सुचणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्यासमोरच टेक्ससला फोन लावला. जावईबापूंनी आधी आढेवेढे घेतले, मग कबूल केलं. त्यांचा स्वतःचा विश्वास होता असं नाही. पण त्यांच्या आई सध्या त्यांच्याकडे होत्या आणि अधिक संपेपर्यंत पायाला हात लावू नकोस असं त्यांनी बजावलं होतं. अमेरिकन साहेबाला हे सांगता येत नव्हतं आणि सासूबाईंना सांगायची छाती नव्हती. बाई म्हणाल्या, मीच बोलते विहीणबाईंशी.

बोलल्या, आणि तिथेच घोटाळा झाला. बाईंनी पॉलिटेक्निकात शिकवल्यासारखं शिकवलं. चंद्राचं वर्ष लहान, सूर्याचं मोठं, फरक साचत जातो, तो भरून काढायला एक महिना घालतात, ही निव्वळ मोजणीची सोय आहे, त्यात शुभ काय आणि अशुभ काय. विहीणबाई मिरजेच्या, शांत आवाजाच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं गणित बरोबरच असेल. पण मला मुलगा एकच आहे."

फोन ठेवून बाई खिडकीबाहेर बघत बसल्या.

अधिक संपेपर्यंत थांबलं तर काय बिघडतं, असं मला वाटत होतं. जून तेव्हाही अर्धा उरणार होता. बाईंनी माझ्यासमोर कॅलेंडर ठेवलं. अधिक संपतो अमावस्येला, आणि त्यानंतर चंद्र दिसला की हाजींचा मुहर्रम लागतो. हाजी शिया. मुहर्रमच्या पहिल्या दहा दिवसांत त्यांच्या घरात शोक असतो, काळे कपडे असतात, नवीन काम कुठलंच सुरू होत नाही, हे आम्ही दरवर्षी बघत आलो होतो. ते दिवस संपले की जून उरतो शेपटाएवढा, आणि तिथे तो पावसाळी वादळांचा हंगाम. एक वादळ आलं की खड्डा जुलैत आणि बाईंची इमारत सोलली गेली.

"मी हाजींना खरं काय ते सांगून टाकते," बाई म्हणाल्या. "त्यांना उगीच आशेवर ठेवायचं नाही." हाजींच्या पेढीवर जायला मी गाडी काढली. वाटेत त्या एकाही इमारतीकडे बघत नव्हत्या.

हाजींनी चहा मागवला आणि बाईंचं सगळं ऐकलं. मला वाटलं चिडतील, निदान जावयावर तरी. ते मोठ्याने हसले. मुंबईत त्यांच्या वरच्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहायचं आणि त्या जास्तीच्या महिन्यात तिथून यांच्याकडे जाळीची मिठाई यायची, ती त्यांना अजून आठवत होती. मग चहाचा पेला खाली ठेवून म्हणाले, "लेकिन बाई, ये महीना तो आप लोगों का है. हमारे यहाँ साल बारह महीने का ही होता है, तेरहवाँ मना है. इमारत किसकी? मेरी. तो महीना भी मेरा चलेगा."

इतका वेळ बाई महिना खोटा आहे हे सिद्ध करत होत्या. तो खरा असू दे, पण या इमारतीला लागू नाही, हा मुद्दा त्यांच्या डोक्यातच आला नव्हता. हाजी म्हणाले, फोन लावा.

तिकडे भल्या सकाळी विहीणबाई पूजेला बसायच्या बेतात होत्या. हाजींनी त्यांना बहन म्हटलं, तब्येत विचारली, नातवंडं विचारली, मिरजेला पाऊस कसा असतो ते विचारलं, आणि मग म्हणाले, "घर मेरा है, गुनाह-सवाब, पाप-पुण्य सब मेरा. आपका बेटा तो सिर्फ मेरा काम कर रहा है." विहीणबाईंनी त्यांच्या मिरजेच्या हिंदीत उत्तर दिलं, "भाईसाब, आपका बरोबर है. आपका महिना आपके पास, वो मेरेको पटा." मग म्हणाल्या की जरा आमच्या विहीणबाईंना फोन द्या.

बाईंनी फोन घेतला. विहीणबाई जे बोलल्या ते स्पीकरवर आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं. "तीन वर्षांपूर्वीचा अधिक आठवतो का? याने तेव्हा स्वतःचा धंदा काढला. मी थांब म्हणत होते. सासरहून वाण आलेलं नव्हतं, तसाच कोरडा उठला आणि कामाला लागला. वर्षात सगळं गुंडाळलं. मी तुम्हाला कधी बोलले नाही. या वेळी तरी आधी वाण येऊ दे, मग तो खणेल."

ते खरं होतं. लेकीने तेव्हा विचारलं होतं आणि बाईंनी त्या रीतीला भाकडकथा म्हणून उडवून लावलं होतं, हे त्यांनीच मला कधीतरी अभिमानाने सांगितलं होतं. आता बाई भडकणार, असं वाटून मी चहाकडे बघायला लागलो. पण त्या भडकल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "किती लागतात?"

"तेहतीस," विहीणबाई म्हणाल्या. "अनारसे. जाळी पडलेले."

बाईंना साधा वरणभात धड यायचा नाही. त्या माझ्या बायकोकडे आल्या आणि पहिल्यांदाच आमच्या घरात शिरून त्यांनी कुठल्या भिंतीला हात लावला नाही. बायकोने तांदूळ भिजत घातले, रोज पाणी बदललं, सावलीत वाळवले, दळले, गुळात मळून पीठ मुरवलं. बाई रोज संध्याकाळी येऊन डबा उघडून बघायच्या. एवढ्या अवधीत आम्ही एक मजला उभा करतो, असं त्यांनी एकदा म्हणून पाहिलं. बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं की त्या परत बोलल्या नाहीत. खसखस कुवेतला मिळत नाही आणि गावाहून आणायलाही बंदी, म्हणून अनारसे रव्यावर थापायचे ठरले.

तळायच्या दिवशी बाई भिंतींचं तापमान बघायचं यंत्र घेऊन हजर. ते पिस्तुलासारखं तुपावर रोखून त्या आकडे सांगत होत्या. पहिला अनारसा कढईत पडला आणि फिसकटून चारी दिशांना गेला. बायको म्हणाली, "हसला."

"हसला म्हणजे?" बाईंनी जरा रागानेच विचारलं. अनारसा तुपात विरघळला की तो हसला म्हणतात, हे समजल्यावरही त्यांना ते वैयक्तिक वाटत राहिलं. दुसरा हसला, तिसरा हसला. मग बायकोने पिठाला चार थापा घातल्या, गॅस बारीक केला, आणि पुढचा नीट फुलून वर आला. बाईंनी तो गार होताच मोडला आणि डोळ्यांजवळ धरला. आतली जाळी बघून त्यांचा चेहरा उजळला. हवा कोंडून धरायची तर अशीच बारीक भोकं लागतात, भिंतीत आम्ही हेच भरतो, असं त्या सांगू लागल्या. बायको म्हणाली, "आधी खा." बाईंनी खाल्ला. मग आणखी एक खाल्ला, आणि आम्हाला तेहतीस भरायला पुन्हा पीठ भिजवावं लागलं नाही एवढंच नशीब.

अनारसे, एक लहान निरांजन आणि जावयाला उपरणं, असं खोकं घेऊन आम्ही रिग्गईला गेलो. तिथे रत्नागिरीचे एक भाई कार्गोचं दुकान चालवतात. आत काय आहे ते ऐकून त्यांनी पट्टी मारायचं थांबवलं आणि आपल्या हाताने चहूबाजूंनी कापूस भरला. "मॅडम, जावयाचा खाऊ हाय हा," ते म्हणाले. "याच्यावर मी दुसरा खोका ठेवू देणार नाय." बाईंनी त्या कापसाकडे बघून जाडी पुरेशी आहे असा निर्वाळा दिला.

खोकं पोचलं तेव्हा अधिक सरायला थोडेच दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे बाईंच्या टेबलाभोवती जमलो. तिकडे सकाळ होती. पडद्यावर मोकळी जागा दिसत होती, पिवळं यंत्र दिसत होतं, आणि त्याच्या बाजूला साडीवर स्पोर्ट्सचे बूट घातलेल्या विहीणबाई तबकात निरांजन घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मुलाला ओवाळलं, मग यंत्राच्या मेक्सिकन चालकालाही ओवाळलं. त्याने टोपी काढून वाकून नमस्कार केला. जावईबापूंनी एक अनारसा खाल्ला, एक चालकाला दिला. आमचे इजिप्शियन संचालक मला कुजबुजत विचारत होते की हे सगळं परवान्यात लिहिलेलं आहे का.

यंत्राचा हात खाली आला आणि मातीत घुसला. काळी, ओलसर माती वर आली. एका खड्ड्यासाठी माणसाला भरून यावं असं त्यात काही नव्हतं, पण आलं खरं. बाई उभ्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्या पुसतही नव्हत्या. दुसरा घाव, तिसरा घाव पडला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "थांबू नका. आता थांबू नका."

थांबले नाहीत. मुहर्रमचा चंद्र दिसला तोपर्यंत पायात सळ्या बसल्या होत्या, आणि सुरू झालेलं काम चालू ठेवायला हाजींच्या घरात कसली आडकाठी नव्हती. जूनच्या शेवटच्या आठवड्यात तिथे खरंच मोठं वादळ झालं आणि आठवडाभर कुणाला बाहेर पाऊल टाकता आलं नाही. कर सल्लागार बाईंनी फोटो पाहून सुरुवात मान्य केली. हाजींच्या हिशेबनिसाने तरीही एक प्रयत्न करून पाहिला. आता सुरुवात झालीच आहे तर काच साधी लावली तर, असं त्याने विचारलं. सल्लागार बाईंनी सांगितलं की इमारत कमी वीज खाईल तरच वजावट, नाहीतर खड्डा कधीही खणा, उपयोग नाही. बाईंनी हे उत्तर मला दोनदा मोठ्याने वाचायला लावलं. हाजींनी हिशेबनिसाला गप्प केलं आणि दिलेला शब्द पाळला.

सप्टेंबरात बाई निवृत्त झाल्या आणि लेकीकडे टेक्ससला गेल्या. विहीणबाई आणि त्या एकाच घरात, म्हणजे आता रोज महाभारत, असं आम्ही धरून चाललो होतो. पण बातम्या उलट्याच यायच्या. विहीणबाई त्यांना भाकरी शिकवत होत्या आणि बाई विहीणबाईंना नकाशा वाचायला.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात त्यांचा फोन आला तेव्हा आमची जेवणं आटोपत होती. तिकडे भर दुपार. बाई म्हणाल्या की बाहेर अजून ऊन रणरणतंय, माणसं सावलीला पळतायत. इमारतीचं छप्पर झालं, काचा आणि दारं आजच बसली. एसी यायला अजून महिना आहे. त्या आत, मधोमध उभ्या होत्या.

"तुझं ते धूड बंद कर जरा," त्या म्हणाल्या. "म्हणजे ऐकू येईल."

मी उठून एसी बंद केला. घर एकदम गप्प झालं. फोन कानाशी दाबून मी ऐकत राहिलो.

"ऐकलंस?" बाईंनी विचारलं.

"काहीच ऐकू येत नाही, बाई."

"हो ना," त्या म्हणाल्या. "यंत्र नाही, काही नाही. आणि गार आहे रे."